हिची गाडी

ही गेल्याचं मला गॅरेजमध्ये कळलं. हॉस्पिटलमधून हिनेच सकाळी मला घरी पिटाळलं होतं, गाडीचं चामडं कोरडं पडलं असेल, तेल लावून या म्हणून. मी मागच्या सीटला तेल लावत होतो. मुलगी दारात येऊन उभी राहिली आणि नुसतं "बाबा" म्हणाली. पुढचं तिला बोलावं लागलं नाही.

गाडी हिच्या वडिलांची, महायुद्धाच्या आधीची. त्या काळी कंपनी नुसतं इंजिन आणि सांगाडा द्यायची. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून बांधून घ्यायचं. आत लाकडी चौकट, वर हाताने ठोकलेला पत्रा. अजून कुठे पोचा नाही. सासरे म्हणायचे, "जावईबापू, मुलगी दिली, आता गाडी मागू नका." पुढे गाडीही आमच्याकडे आली, पण ती शेवटपर्यंत हिचीच. मी आपला हँडल मारणारा.

गाडीला सेल्फ आहे. पण थंड इंजिन हँडलनेच उठवायचं, हा सासऱ्यांचा नियम. ही आत बसून स्टीअरिंगवरची स्पार्कची दांडी मागे घ्यायची. ती मागे न घेता हँडल मारलं तर ते उलटं येऊन मनगट मोडतं. दांडी बसली की ही काचेआडून "हं" म्हणायची, मग मी हँडल मारायचो. दर रविवारी. घरात अबोला चालू असला तरी रविवारी तेवढं "हं" मिळायचंच.

ही गेल्यापासून गाडी चालू केली नाही. उभी गाडी खराब होते, हे मलाही कळत होतं, म्हणून मुलीला जाहिरात देऊ दिली. पण येईल त्याच्यात काही ना काही खोट काढून मी त्याला वाटेला लावत राहिलो. मुलगी म्हणाली, "बाबा, गाडी विकताय की तिच्यासाठी स्थळं बघताय?"

काल एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. दोघं गाडीभोवती सावकाश फिरले, विचारल्याशिवाय हात लावला नाही. खोट काढायला मला जागा सापडेना. त्यांना इंजिन ऐकायचं होतं. मी मुलीला आत बसवलं, दांडी कशी घ्यायची ते दाखवलं, पुढे आलो आणि हँडल लावून वाकलो.

वाकूनच राहिलो. मुलगी म्हणाली, "फिरवा ना, बाबा. घेतली मी मागे." तरी हात हलेना. मी कशाची वाट बघतोय ते मला ठाऊक होतं, पण परक्या माणसांसमोर सांगणार काय?

शेवटी ते गृहस्थ हळूच म्हणाले, "सेल्फ असेल ना?" मुलीने बटण दाबलं. पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू झालं आणि एका लयीत चालत राहिलं. मला वाटलं होतं, निदान थोडे आढेवेढे घेईल.

व्यवहार ठरला. शनिवारी गाडी न्यायला येणार आहेत. निघण्याआधी गृहस्थ चालवायच्या जागी बसून बघायला गेले, तर गुडघे स्टीअरिंगला टेकले. ही ठेंगणी, त्यामुळे सीट पार पुढे ओढलेली. त्यांची बायको हसून म्हणाली, "म्हणजे चालवायला मीच बसायचं." सीट तेवढी मागे सारून ठेवाल का, असं त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणालो.

दोन नट ढिले करायचे, इतकंच काम आहे. ते मी अजून केलेलं नाही.