कापडाचा डबा

"हे गाठोडं कोनाचं हाय?" शेषरावांनी खाटेखाली वाकून विचारलं.

बाळंतिणींच्या वॉर्डातली झाडझूड नुकतीच आटोपली होती. खिडकीजवळच्या खाटेवर धनीबाई एकटीच बसली होती. तिच्या सुनेला, राखीला, पहाटेपासून कळा येत होत्या आणि थोड्या वेळापूर्वीच तिला आत नेलं होतं. शेषरावांनी गाठोड्याला हात लावलेला पाहून धनीबाईनं नजर दुसरीकडे वळवली.

"काई नाई भाऊ. चिंध्या हायेत."

"चिंध्या हायेत तं मंग सांबाळून काहून राह्यल्या?"

"पडल्या हायेत अशाच. कोनाच्या कामाच्या नाईत." मग ती जरा थांबली. "तुमी इंझोरीकडचेच ना? बोलन्यावरून वाटलंच मले. तुमाले काय सांगा लागते बाप्पा."

शेषराव खूश झाले. दवाखान्यात कामाला लागल्यापासून गावचं नाव कोणी घेतलं की त्यांना असंच व्हायचं. तेवढ्यात सोजरबाई आयेनं दारातून हाक मारली, "राखीची सासू कोन हाय? चाला लवकर," आणि धनीबाई पदर सावरत आत धावली. शेषरावांनी गाठोडं ओढून बाहेर काढलं. आत परकराचे तुकडे होते, एक अर्धं लुगडं होतं आणि मधोमध निळ्या चौकड्यांचा एक शर्ट. धुऊन धुऊन मऊ पडलेला. त्याची सगळी बटणं कापून घेतलेली होती. बटणंसुद्धा काढून घेतल्यावर शर्टाचं उरतं काय, असं मनाशी म्हणत त्यांनी सगळं काखोटीला मारलं आणि व्हरांड्यातल्या कापडाच्या डब्यात नेऊन टाकलं.

आता खरं सांगायचं तर या माणसाच्या हातून उभ्या जन्मात सुतळीचा तुकडाही फेकला गेला नव्हता. मंगरूळपीरच्या या धर्मादाय दवाखान्याचं भांडार ते सांभाळत. औषधांची रिकामी खोकी, खोक्यांचे पुठ्ठे, पुठ्ठ्यांच्या दोऱ्या, सगळं त्यांच्याकडे रचून ठेवलेलं असायचं. "नावच शेषराव, उरलंसुरलं यायच्याचकडे जानार," असं सिस्टर लोक तोंडावर म्हणायच्या आणि ते हसून घ्यायचे. दवाखाना बांधणाऱ्या गुलाबचंद शेटजींचा नातू, डॉक्टर श्रेयांस, पुण्याहून शिकून आला आणि त्याच्या मनानं घेतलं की आपला निम्मा कचरा पुन्हा कामात येऊ शकतो, तो उकिरड्यावर जायचं कारण नाही. हे काम कोणाच्या गळ्यात घालायचं याचा त्याला फार विचार करावा लागला नाही. "काका, हे तुम्हीच बघा," तो म्हणाला. आख्ख्या नोकरीत शेषरावांना 'तुम्हीच बघा' असं कोणी म्हटलं नव्हतं.

मग त्यांच्या अंगात वारं शिरलं. डब्यांचे रंग लोकांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यांनी पेंटर बोलावून प्रत्येक डब्यावर चित्र काढून घेतलं. लाल डब्यावर सलाईनची बाटली, निळ्यावर इंजेक्शनची कुपी, सुक्या कचऱ्याला खोकं आणि कापडाच्या डब्यावर काठाचं लुगडं. सुरुवातीला लोक त्यात खुशाल खर्रा खाऊन थुंकायचे. एका पेशंटच्या मेव्हण्यानं तर कापडाच्या डब्यात आपला भाकरीचा डबा मुंग्यांपासून वाचवायला ठेवला आणि तो सापडेना म्हणून रात्रपाळीच्या सिस्टरशी भांडण काढलं. शेषराव चिडले नाहीत. एकेकाला बोटाला धरून शिकवत राहिले. रक्तानं माखलेला कापूस आणि पट्ट्या पिवळ्या पिशवीतच जायला हव्यात, यावर तर ते दिवसभर डोळ्यांत तेल घालून असायचे. लुगडी, चादरी, चिंध्या धनजजवळच्या एका वखारीत जायच्या आणि तिथं त्यांची पायपुसणी व्हायची. दवाखान्याचा माल, उगाच कोणाला बाधा नको, म्हणून कापडाच्या पोत्यावर ते स्वतः ठसठशीत अक्षरांत लिहून द्यायचे: 'आधी ब्लीचिंगमध्ये टाका.' ही अक्कल त्यांचीच. डॉक्टरांनी तिचं कौतुकही केलं होतं.

आणि आज सगळे विश्वस्त ते बघायला येणार होते. म्हणून तर खाटाखाटांखाली वाकून बघणं चाललं होतं.

विश्वस्त आले. चित्रं बघून हसले, झाकणं उघडून बघितली. एका म्हाताऱ्या विश्वस्तांनी शेषरावांच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. वखारीची गाडी त्याच वेळी आली, हा तर दुधात साखर असा योग. सगळ्यांदेखत शेषरावांनी कापडाच्या पोत्याचं तोंड आपल्या हातानं शिवलं, वर अक्षरं काढली आणि पोतं गाडीत चढवलं. फोटो निघाले. जेवायची वेळ टळून गेली तरी त्यांना भूक लागली नाही.

दुपारी ते भांडारात शालीची घडी घालत होते, तेव्हा धनीबाई दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उजळला होता.

"पोरगी झाली भाऊ. दोघी बी चांगल्या हायेत."

"लक्ष्मी आली म्हना," शेषराव म्हणाले. "थांबा, नारळच फोडतो."

"नारळ मंग फोडा. ते गाठोडं द्या पयले. तुमी इकडं नेऊन ठेवलं असन ना, सायेब लोक येनार म्हनून?"

शेषरावांचा हात शालीवरच राहिला. "त्या चिंध्या?"

"राजपालचा सदरा हाय त्याच्यात. माह्या लेकाचा. याच पोरीचा बाप." ती अजून हसतच होती. "ऊस तोडाले गेल्ता तिकडं, तं ट्रॉली उलटली, त्यातच गेला. राखीले तवा पाचवा मयना होता. पोरीले पयले बापाच्याच कपड्यात घ्याचं, असं मी ठरवून ठेवलं. बटनं टोचतीन म्हनून कापून टाकले. आता जन्माच्या पयले लेकराचा कपडा म्हनून कसं सांगाव? नजर लागते. म्हनून चिंध्या म्हनलं. तुमी तं आपल्याच गावाकडचे, मले वाटलं तुमी समजले."

शेषरावांनी शाल बाजूला ठेवली. धनीबाईचं हसू हळूहळू उतरलं.

"कुठं हाय भाऊ गाठोडं?"

"गाडीत गेलं," ते कसंबसं म्हणाले.

वखारीत फोन कोणी उचलेना. डॉक्टर श्रेयांसला समजलं तेव्हा त्यानं एक शब्दही न विचारता आपली गाडी आणि ड्रायव्हर दिला. "काका, जा. मिळेल," तो म्हणाला. त्याला त्या शर्टाचं सगळं कळलं असेलच असं नाही, पण शेषरावांचा चेहरा त्यानं पाहिला होता.

धनजच्या वाटेवर दोन्ही बाजूंना हरभरा काढून झालेली मोकळी रानं होती. शेषराव खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांना आपली आई दिसत होती. त्यांच्या थोरल्या मुलाच्या जन्माच्या वेळची गोष्ट. खाटेखाली असंच एक गाठोडं होतं. बायकोनं सासूला विचारलं, "मामी, याच्यात काय हाय?" आणि आई तोंड वाकडं करून म्हणाली होती, "काय असनार बाई, चिंध्या." पोरगा जन्मला तेव्हा त्या गाठोड्यातून वडिलांचं जुनं धोतर निघालं होतं, लोण्यासारखं मऊ, आणि पोराला त्यातच घेतलं होतं. म्हणजे हे त्यांना माहीत होतं. पुस्तकातलं नव्हे, घरातलं माहीत होतं. कोणी परक्या मुलखातला माणूस असता तर धनीबाईनं त्याला आधीच उघड सांगितलं असतं. यांना सांगितलं नाही, कारण हे आपले होते. आणि आपण काय केलं, तर गावचं नाव निघालं म्हणून फुगलो आणि सरळ डब्याकडे गेलो. शेषरावांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

वखारीत कपड्यांचे डोंगर पडलेले होते. सगळीकडे बारीक धूळ उडत होती. आपलं पोतं सापडेल का याची त्यांना धास्ती होती, पण तिथला माणूस चटकन म्हणाला, "तुमचं पोतं? ते कवाच हौदात गेलं. तुमीच लिवून देता ना वरतं. तुमचा माल आमी बाजूले ठेवतच नाई."

शर्ट सापडला. लांब काठीनं हौद ढवळताना तो वर आला, तेव्हा शेषरावांनी बाही न सरसावताच हात घातला. निळ्या चौकड्या गेल्या होत्या. कुठं कुठं फिकट पिवळट रेघा होत्या, तेवढ्याच. ब्लीचिंगच्या उग्र वासानं डोळ्यांतून पाणी आलं आणि ते बरंच झालं, कारण वखारीच्या माणसाला दुसरं काही वाटलं नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा ते परत आले. धनीबाई वॉर्डामागच्या नळावर भांडी घासत होती. वाटेत त्यांनी पुष्कळ जुळवाजुळव केली होती: माझी चूक झाली, मले माफ करा, वाटलं तं दोन शिव्या द्या. तिच्यासमोर आल्यावर त्यातलं काही आठवलं नाही. त्यांनी ओला शर्ट पुढे केला.

तिनं तो घेतला. उलटा केला, सुलटा केला. मग नाकाशी नेला आणि पटकन दूर धरला. शेषराव वाट बघत होते की आता ही बोलेल. ती बोलली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

"पोरीले कशात घेतलं?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"सोजरबाईनं नवा टावेल देल्ला. लेकरू रडू राह्यलं होतं, किती येळ उघडं ठेवाव."

तिनं भांडी बाजूला सारली आणि शर्ट नळाखाली धरला. त्याच वेळी वरच्या टाकीतलं पाणी संपलं आणि नळ कोरडा पडला. शेषराव आत गेले, भरलेली बादली आणि एक मग घेऊन आले. ते पाणी ओतू लागले. धनीबाई हळूहळू चोळत होती, वास घेत होती, पुन्हा पुढे धरत होती. तान्हीच्या अंगाला हे कापड आता कधीच लावता येणार नाही हे शेषरावांना ठाऊक होतं. तिलाही ठाऊक असावं. कॉलरपाशी कापड विरत चाललं होतं, आणि एकदा पिळताना पाठ मधोमध टर्रकन फाटली.

शेषरावांचा हात थांबला. धनीबाईनं दोन्ही तुकडे एकावर एक नीट जुळवले, बोटांनी सुरकुत्या काढल्या आणि पुन्हा पुढे धरले.

"टाका भाऊ," ती म्हणाली.

त्यांनी मग भरला आणि पाणी टाकलं.