काल्याच्या दह्याचा मान

पूर्णेला जाणारी सकाळची गाडी चुडाव्याच्या स्टेशनात शिरायच्या आत ग्यानबाच्या गोठ्यातल्या आठही म्हशींच्या धारा निघालेल्या असायच्या. गाडी निजाम सरकारची. ती आली तर वेळेवर, नाहीतर तिच्या मर्जीनं. पण गाडी उशिरा येईल म्हणून दूध उशिरा काढलं, असं अठरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. कारण गोठा ग्यानबाच्या नावाचा असला, तरी चालायचा तो त्याच्या बायकोच्या, केवळाबाईच्या हातावर.

सरकी भिजवावी तिनं, शेण काढावं तिनं, म्हशीची कास तापली तर हळद-लोणी चोळावं तिनं. पावसाळ्यात गोचीड, उन्हाळ्यात पाणी, हिवाळ्यात वैरण. गोठ्याला बारा महिने बारा दुखणी. गाडीनं गेलेल्या दुधात पूर्णेचा हाटेलवाला बोट बुडवून नाक मुरडायचा, ते वेगळंच. त्यात महसुलाच्या गिर्दावरसाहेबाचा गावात मुक्काम पडला की त्याचा चपराशी तांब्या घेऊन दारात उभा. "सायबाला चहापुरतं द्या," म्हणायचा आणि तीन शेर घेऊन जायचा. केवळाबाई पदराआडून म्हणायची, "तुझा सायब चहा पितो का चहात पवतो रे बाबा?"

या सगळ्या राबण्याचं एकच फळ तिच्या पदरात पडायचं. मार्गशीर्षात मारुतीच्या देवळात नामसप्ताह बसायचा. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, आणि आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन. काल्याचं दही ग्यानबाच्या घरचं. रीत अशी, की दूध त्या साली नव्यानं व्यालेल्या म्हशीचं. आणि ज्या हातानं धार काढली, त्याच हातानं विरजण लावायचं, त्याच हातानं भर कीर्तनात मडकं बुवांना द्यायचं. वर्षभर शेणात बुडालेल्या त्या हाताकडं त्या दिवशी सारा गाव बघायचा. बुवा मडकं घेताना वाकायचे. ते वाकणं केवळाबाईला पुढचं वर्षभर पुरायचं.

औंदा व्याली ती बेगम. बसमतच्या बाजारातून आणली तेव्हाच तिचा तोरा बघून ग्यानबानं हे नाव ठेवलं होतं. डबक्यात बसली तर उठायची नाही, सरकीत खडा लागला तर तोंड लावायची नाही. तिला झालं रेडकू, म्हणजे नर. दुधाच्या धंद्यात वगार झाली तर आनंद, रेडकू झालं तर घरात सुतक पडल्यासारखं. रेडकाला कासेला नुसतं लावायचं, पान्हा फुटला की ओढून बांधायचं आणि चारी सडं आपण पिळून घ्यायची, हा सगळीकडचाच शिरस्ता. केवळाबाईनंही तेच केलं. तर बेगमनं दूध चोरलं. अर्ध्या शेराच्या वर काही चरवी भरेना. वर एक दिवस असा पाय झाडला की चरवी एकीकडं आणि केवळाबाई दुसरीकडं.

"बाई, मी बसून बघू का?" धाकटी जाऊ कस्तुराबाई म्हणाली. ही ग्यानबाच्या धाकट्या भावाची, लिंबाजीची बायको, वालूरची. घरात येऊन दोन वर्षं झाली, तरी तिचं राज्य चुलीपुरतं. गोठ्यात यायची ती शेण भरायला.

"बस की," केवळाबाई कपडे झटकत म्हणाली. "तुजं बी थोबाड रंगू दे."

कस्तुरा बसली. तिचा बाप टाळकरी. कामात असली की तिच्या ओठांवर विठ्ठलाचं नाव आपोआप यायचं. ते गुणगुणतच तिनं कासेला हात लावला. बेगमनं कान पाडले, डोळे अर्धे मिटले आणि चार शेर दूध दिलं.

त्या दिवसापासून केवळाबाईच्या जिवाला चैन नाही. बाकीच्या सात म्हशी तिला धार देत होत्या, पण सात म्हशींचं दूध तिला दिसेना. दिसायची ती जावेच्या मांडीतली फेसाळलेली चरवी. त्यात सासूबाईंनी, म्हणजे भिवराबाईंनी, चार बायांत म्हटलं, "आमच्या कस्तुरीचा हात लय गोड हाय." हा गोड शब्द केवळाबाईला बाभळीच्या काट्यासारखा बोचला. अठरा वर्षं मी काय हातानं मीठ चोळत होते?

सप्ताह बसला तेव्हा भिवराबाईंनी दुसरा काटा टोचला. "केवळे, बेगमची धार कस्तुरी काढती. मग रीतीपरमानं औंदा इरजण तिनंच लावावं. तुला बी उलीसा इसावा."

"लावू द्या की आत्याबाई," केवळाबाई म्हणाली. "मला कशाचं काय!" आणि परड्यात जाऊन तिनं शेणाची पाटी अशी आपटली की कोंबड्या उडाल्या.

काहीतरी करून बेगमची धार आपण काढायचीच, असं तिनं मनाशी धरलं. जनावर माणसाला अंगावरच्या कपड्याच्या वासानं ओळखतं, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून तिनं वलणीवरचं कस्तुराचं हिरवं लुगडं नेसलं, डोक्यावरून पदर घेतला आणि बेगमजवळ बसली. वर तिच्यासारखंच "विठ्ठल विठ्ठल" गुणगुणू लागली. बेगमनं मान वळवून लुगडं हुंगलं. पान्हा फुटेल असं वाटलं, तेवढ्यात बेगमनं शेपटी फिरवली ती थेट तोंडावर. शेणामुताची. आणि दाराशी ग्यानबा उभा.

"कस्तुरा, आज घसा बसला का गं?" तो म्हणाला, आणि मग चेहरा बघून, "अरे, तू व्हय! तिचं लुगडं काऊन नेसलीस?"

"माजं धुवायला टाकलंय!"

"मग त्वांड बी धू," म्हणून ग्यानबा हसत हसत कावड उचलायला गेला. नवरा हसला, हे तिला शेपटीपेक्षा जास्त लागलं.

मग ती पाळतीवर राहिली. कडब्याच्या आडून बघितलं, तर कस्तुराची करामत कळली. तिनं रेडकू ओढून बांधलंच नव्हतं. एका बाजूची दोन सडं त्याला मोकळी सोडली होती, आणि दुसऱ्या बाजूची दोन ती स्वतः पिळत होती. रेडकू ढुश्या देत पीत होतं, बेगम त्याची पाठ चाटत होती आणि पान्हा काही तुटत नव्हता. अर्धं दूध रेडकाच्या पोटात जाऊनही चरवी भरत होती.

ग्यानबाला सांगावं, धाकटी रेडकाला दूध चोरून पाजती? केवळाबाईनं विचार केला. पण तो म्हणणार, चरवी तर भरायलीय. आणि सासूबाई म्हणणार, बघा, मुक्या जिवाची कदर केली पोरीनं. म्हणजे पुन्हा तिचाच हात गोड! नाही, सांगण्यात अर्थ नव्हता.

विरजणाचा दिवस आला. दुपारी गाव पारायणाला बसलं होतं. केवळाबाईनं रेडकाचं दावं सोडलं, त्याला ओढ्यापलीकडच्या मळ्यात नेलं आणि पडक्या खोपटात बांधून टाकलं. एका रात्रीचाच तर प्रश्न. काला झाला की आणून सोडू. उपाशी राहू नये म्हणून तिनं त्याच्यापुढं गवताची पेंढीही टाकली. महिन्याचं दूधपितं वासरू गवत खात नाही, हे तान्ह्या पोराला कळतं. पण अठरा वर्षं गोठ्यात घालवलेल्या केवळाबाईला त्या दिवशी ते आठवलं नाही. मत्सर माणसाची विद्या आधी खातो.

संध्याकाळी कस्तुरा चरवी घेऊन बसली, तर बेगम जागेवर ठरेना. दाव्याला हिसके, दाराकडं तोंड, आणि एकसारखं ओरडणं. थेंब दूध दिलं नाही.

"रेडकू सुटलं वाटतं," केवळाबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"लांडग्यानं न्हेलं असंल," ग्यानबा म्हणाला. "रेडकूच व्हतं. वगार आसती तर गोष्ट येगळी."

कस्तुरा चरवी तिथंच टाकून उठली. दिवस मावळेपर्यंत शिवारात हिंडून आली, पायात काटे भरून. जेवलीही नाही. भिवराबाई म्हणाल्या, "आता काय करावं? दुसऱ्या म्हशीचं दूध घ्या. केवळे, धार तुजी, तर इरजण बी तुजंच. देवाच्या मनात तसंच दिसतं."

केवळाबाईनं कोमट दुधाला विरजण लावलं. मडक्यावर फडकं बांधताना तिला मनातून गुदगुल्या झाल्या, हे खरं आहे. ते लपवून उपयोग नाही. रात्रभर थंडी पडली आणि रात्रभर बेगम ओरडत राहिली.

सकाळी दही असं लागलं होतं की मडकं तिरपं केलं तरी हलू नये. केवळाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून देवळात गेली. बायांनी तिला पुढं जागा दिली. शेजारच्या नर्मदाबाईनं विचारलं, "कस्तुरी आली न्हाई?"

"ती म्हशीपाशी बसलीय," केवळाबाई म्हणाली. "येडी हाय."

बन्सीधरबुवा कीर्तनाला उभे राहिले. हा माणूस उभा राहिला की मृदंग आपोआप बोलायचा. काल्याचा प्रसंग त्यांनी असा रंगवला की मारुतीच्या ओट्यावर यमुनेचं वाळवंट आलं. गोपाळांनी शिदोऱ्या सोडल्या. कुणाची शिळी भाकर, कुणाचं ताक, कुणाचा नुसता ठेचा. देवानं सगळं एकत्र कालवलं. बुवा म्हणाले, "आता ह्यातलं तुमचं कोणतं आणि शेजाऱ्याचं कोणतं, निवडून दाखवा बरं! ब्रह्मदेवाला जमायचं न्हाई!" माणसं हसली. केवळाबाईही हसली. मडकं तिच्या मांडीवर थंडगार बसलं होतं.

आणि मग बुवांचा आवाज खाली आला. "त्या ब्रह्मदेवालाच देवाचं हे कौतुक बघवलं न्हाई, बरं का. त्यानं काय केलं? वासरं पळवली. न्हेली आन् लपवली. हिकडं गाई हंबरायला लागल्या. आन् देवानं काय केलं? हातात काल्याचा घास तसाच होता. पोरं म्हणाली, देवा, आधी खा, मग जा. देव म्हणाला, वासरू उपाशी असताना माझ्या गळ्याखाली घास उतरत न्हाई. तसाच उठला. घास हातात, पाय रानात!" मृदंग थांबला. "ब्रह्मदेवाला वाटलं, मी वासरं लपवली. आरं बाबा, तू जे लपवलंस, त्याच्या पोटात कोण बसलंय, हे बघितलंस का?"

बुवांना काही ठाऊक नव्हतं. ते ओट्यावरच्या सगळ्यांकडं बघत होते. पण त्या शांततेत गावाच्या टोकाकडून बेगमचा आवाज आला. आता तो ओरडणं राहिला नव्हता. घसा फाटून नुसती घरघर उरली होती.

केवळाबाईच्या डोळ्यांपुढं ती गवताची पेंढी आली.

ती उठली. "आगं, आता मडकं द्यायचं न्हवं का?" नर्मदाबाईनं लुगडं धरलं. "कुठं चाललीस?"

"तू दे," केवळाबाईनं मडकं तिच्या मांडीवर ठेवलं. "कुणी बी दिलं तरी देवाला पोचतं." आणि बायांच्या रांगेतून वाट काढत ती निघाली ती मळ्यापर्यंत पळतच.

खोपटात रेडकू आडवं पडलं होतं. पेंढी जशीच्या तशी. कान गार, डोळ्यांत चिपडं, श्वास तेवढा चालू. केवळाबाईनं पदरानं त्याला चोळलं, पाय चोळले, तोंडात बोट घातलं. त्यानं ते चोखायचा प्रयत्न केला. "जगतंस का रे, लेकरा," म्हणत तिनं त्याला खांद्यावर घेतलं. ओढ्यात दोनदा घसरून बसली, ठेवणीतलं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलात गेलं.

गोठ्यात कस्तुरा बेगमच्या गळ्याला हात घालून बसली होती. रेडकू बघून ती ओरडलीच. दोघींनी मिळून त्याला कासेखाली धरलं. त्याला चोखायचं बळ नव्हतं. केवळाबाईनं मान धरली, कस्तुरानं बोटानं ओठ उघडले. बेगमनं त्याला एकदा हुंगलं, आणि हात लावायच्या आत चारी सडांतून दूध जमिनीवर टपटपायला लागलं. थेंब तोंडात गेले. मग रेडकानं जीभ हलवली. मग सड धरलं.

देवळाकडून गजर ऐकू आला. कस्तुरा भानावर आली. "हंडी फुटली. जाऊबाई, तुमी हितं काय करायलाव? मडकं कुणी दिलं?"

"नर्मदीनं." केवळाबाई रेडकाकडंच बघत होती. "कस्तुरे, ह्याला मीच बांधलं व्हतं. मळ्यातल्या खोपटात."

कस्तुराचे हात थांबले.

"राग माज्यावर व्हता तर मला बांधायचं," ती म्हणाली. "ह्या मुक्यानं तुमचं काय केलं व्हतं?"

केवळाबाईनं रेडकाच्या अंगावरचा चिखल पदरानं पुसला. "मला तुजं चांगलं बघवंना," ती म्हणाली. "खरं सांगू? अजून बी बघवंना. आत्ता बेगम तुजा हात चाटायलीय, ते बी बघवंना."

कस्तुरानं डोळे पुसले. पुसता पुसता तिला हसू आलं, रागातलंच. "मला तरी कुठं बघवायचं? दोन वरीस तुमी मला शेणाबिगर कशाला हात लावू दिला न्हाई. मी चुलीपाशी बसून तुमच्या धारांचा आवाज ऐकायची आन् जळायची. भाकरीसंगं जळायची."

"मग बोलली न्हाईस ती?"

"तुमच्या म्होरं कोण बोलंल, बाई!"

आता केवळाबाईलाही हसू फुटलं. त्यात रडणं किती होतं, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं बेगमच्या तोंडापुढं हात धरला. "हिला म्हण की गं, माज्याकडं बी उलीसं बघ."

"तुमीच म्हणा."

बेगमनं तो हात हुंगला, फुर्रकन नाकातलं वारं त्याच्यावर सोडलं आणि मान फिरवून रेडकाची पाठ चाटायला लागली.

"बघितलंस?" केवळाबाई म्हणाली. "भवानी रुसलीय अजून."

"रुसू द्या," कस्तुरा म्हणाली. "सांच्याला बसा परत. पर आधी ह्याची दोन सडं ह्याला."