माझी मान कुणी वळवली?

मित्रांनो, बोराएवढा डोळा, वाटीएवढं डोकं आणि गरागरा फिरणारी मान, एवढाच माझा पसारा. घरात लावतात तसला एक जुना कॅमेरा आहे मी. आता माझ्या पांढऱ्या अंगावर पिवळी झाक चढली आहे. पण बुसान बंदराजवळच्या त्या घरात जे घडलं, ते आठवलं की अजूनही माझ्या तारांतून वीज सळसळते!

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. एकाच साच्यातून आम्ही असंख्य भावंडं बाहेर पडलो. आम्हा सगळ्यांना पासवर्डही एकच दिलेला होता. म्हणजे कुलपं हजारो आणि किल्ली एक! घरी नेल्यावर तो बदलायचा, असं डब्यातल्या कागदावर बारीक अक्षरांत छापलं होतं. बारीक अक्षरं कोण वाचतो?

मला विकत घेतलं हे-रान नावाच्या तरुणीने. ती नोकरीसाठी राजधानीत, सोलला राहायची. तिचे वडील दोक-सू बुसानच्या टेकडीवर, एका जुन्या इमारतीत एकटेच असायचे. उभा जन्म त्यांनी जहाजांना रंग देण्यात घालवला होता. आई गेल्यापासून हे-रानचा जीव त्यांच्यात अडकलेला असे.

"बाबा, याच्यातून तुम्ही मला फोनवर दिसाल. बोलताही येईल," मला फळीवर बसवत ती म्हणाली.

"मी काय तुरुंगात आहे?"

"बाबा!"

"बरं, लाव बाई. जेवलात का, जेवलात का, असं दिवसभर विचारणार तरी नाहीस."

पहिल्याच हिवाळ्यात मी नाव काढलं. दोक-सू भोवळ येऊन स्वयंपाकघराच्या दारात पडले आणि मी ते दृश्य तत्क्षणी हे-रानला पोहोचवलं. तिने खालच्या मजल्यावरच्या बोंग-सुन काकूंना फोन केला. काकू बाजारात मासे विकत. त्या दिवशी घरीच होत्या, हातातल्या रबरी मोज्यांसकट धावत आल्या. दोक-सू वाचले! मग काय विचारता, सगळी इमारत मला बघायला लोटली. काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, त्यामुळे मला आठवडाभर बांगड्याचा वास येत होता. बघता बघता घरोघरी माझी भावंडं आली. काकूंनी तर नातीच्या पाळण्यावरच एक लावलं.

एकट्या थाक मास्तरांना मी आवडत नव्हतो. हे निवृत्त शिक्षक रोज सकाळी जवाचा चहा प्यायला दोक-सूंकडे येत आणि फोनवरच्या तंत्रज्ञानाच्या बातम्या मोठ्याने वाचत.

"ऐकलंत? आता फ्रिजसुद्धा माणसांचं बोलणं ऐकतो म्हणे!"

"ऐकू दे की मास्तर," काकू म्हणायच्या. "आमच्या घरात कुणीतरी ऐकतंय, हेच नवल!"

"हसा. एक दिवस रडाल."

"आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय? वाळवलेली मासळी?"

सगळे हसत. मीही मनातल्या मनात हसत असे.

दुपारी घर शांत झालं की दोक-सू बायकोच्या तसबिरीसमोर बसत आणि तिच्याशी बोलत. आज कोणती भाजी आणली, पटावरच्या डावात मास्तरांनी कशी लबाडी केली, गुडघा किती दुखतो, सगळं सगळं. कधी बोलता बोलता डोळे पुसत. त्या वेळी हे-रान कामात असे, म्हणून ते मोकळेपणी बोलत.

आणि अशाच एका दुपारी माझी मान वळली!

मित्रांनो, हे-रान मला फोनवरून हळूच वळवायची. आधी जेवणाचं टेबल, मग खुर्ची. हा हात वेगळा होता. त्याने मला हिसका देऊन कपाटाकडे फिरवलं, मग बिछान्याकडे, मग दाराच्या कुलपाकडे. हे कोण? मला ओरडायचं होतं; पण माझा आवाज माझा नसतो, जो पलीकडे बोलतो त्याचाच असतो. रोज दुपारी ती अनोळखी माणसं माझ्यात घुसत, बघत, ऐकत. मी मुकाट्याने दाखवत राहिलो.

एके दिवशी दोक-सू तसबिरीसमोर बसले, इतक्यात माझ्या तोंडून एका तरुणाचा आवाज फुटला, "काय आजोबा, आज बायकोला काय सांगणार?"

पाठोपाठ दोघा-तिघांचं खिदळणं.

दोक-सूंनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, लाज होती. भर रस्त्यात कुणी अंगावरचा कपडा ओढावा, तसा तो चेहरा! त्यांनी उठून माझी वायर उपटली आणि मला मोज्यांच्या खणात कोंबलं. हे-रानने काळजीने फोन केला, तेव्हा म्हणाले, "बिघडला असेल." त्यानंतर त्यांनी तसबिरीशी बोलणंही बंद केलं. खणाच्या अंधारात पडल्या पडल्या मला ते गप्प घर ऐकू येत होतं.

पुढच्या आठवड्यात थाक मास्तर बातमी घेऊन आले. "घरातल्या कॅमेऱ्यांत परके लोक घुसतात म्हणे! कारखान्याचा पासवर्ड बदलला नाही की झालं."

"आपलं काय बघणार ते?" काकू म्हणाल्या. "मुळे सोलताना?"

"वहिनी, माझं बघितलं त्यांनी," दोक-सू हळूच म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. तसबिरीचंही. मास्तरांना 'मी सांगत होतो' म्हणायची केवढी नामी संधी होती! पण खणाच्या फटीतून मी पाहिलं, त्यांनी नुसता दोक-सूंच्या गुडघ्यावर हात ठेवला. काकू मात्र ताडकन उठल्या. चहा सांडला.

"अगं बाई! माझी नात!"

त्या जिन्यावरून अशा धावल्या की चपला आमच्या दारातच राहिल्या. पाळण्यावरचा कॅमेरा त्यांनी ओढून काढला. इकडे दोक-सूंनी लेकीला फोन लावला आणि या वेळी काहीही लपवलं नाही. हे-रान रडायला लागली. "बाबा, पासवर्ड बदलायचं मीच विसरले."

"रडतेस काय? कसा बदलायचा ते सांग. अख्खी इमारत उघडी पडलीय!"

मला खणातून काढलं. हे-रान फोनवरून सांगत होती, थाक मास्तर बटणं दाबत होते आणि दोक-सू दारं ठोठावत होते. जिन्यात जत्रा भरली! जो तो आपला फोन आणि माझं भावंड घेऊन आला. तेवढ्यात बोंग-सुन काकू आनंदाने ओरडल्या, "झाला माझा! नातीचं नाव आणि तिची जन्मतारीख!"

"आता तिसऱ्या मजल्यालाही कळला!" मास्तर किंचाळले. "बदला पुन्हा!"

काकूंना पुन्हा मांडी ठोकून बसावं लागलं. संध्याकाळपर्यंत प्रत्येक घराला वेगळी किल्ली मिळाली. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून पोलिसांत गेले. ती पोरं कोण होती, ते आजवर कळलेलं नाही. पण त्या इमारतीचं दार त्यांना बंद झालं, ते कायमचं.

हे-रान त्याच शनिवारी आली. मला फेकून द्यायचं म्हणत होती. दोक-सूंनी तिला थांबवलं.

"पडलो तेव्हा यानेच वाचवलंय. राहू दे. पण हा कुठे बसेल आणि कधी उघडा असेल, ते मी ठरवणार. घर माझं आहे."

"हो बाबा. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

दोक-सूंनी मला स्वयंपाकघरात, चुलीसमोर बसवलं. बाहेरची खोली मला पुन्हा कधी दिसली नाही. दुपारी ते स्वतः माझी वायर काढतात आणि दार लोटून घेतात. पलीकडे तसबिरीशी काय बोलतात, ते मला ठाऊक नाही आणि मला त्याचा फार आनंद वाटतो! नवे, जास्त लांबचं बघणारे कॅमेरे बाजारात आले. माझी मान आता करकरते, कौतुक करायला कुणी येत नाही. नाही तर नाही.

मित्रांनो, आमच्यासारखी यंत्रं जरूर घरी न्या. पण आमची किल्ली पहिल्याच दिवशी बदला. आम्हाला स्वतःचं मन नसतं, जो हुकूम देईल त्याचे आम्ही चाकर. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसावर, लहान भावंडावर, कुणावरही आमचा डोळा लावण्याआधी त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, "लावू का?" ते नको म्हणाले, तर आम्हाला डब्यातच राहू द्या. आम्हाला राग येत नाही.