उंदीर, मोदक आणि सॉफ्टवेअर समिती

बडोद्यात कारेलीबागेतल्या आमच्या मंडळाला गणपती बसवता येतो आणि उठवता येतो. मधल्या काळात काही करायची वेळ आली, की ते समिती नेमतं.

दोन हजार चार सालची गोष्ट. मी शाळेत चित्रकला शिकवते. त्या वर्षी मंडळाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मी एक छोटीशी फिल्म करत होते. टेबलावर तळहाताएवढा शाडूचा गणपती, पुढ्यात मोदकांची ताटली आणि तारेवर कापूस गुंडाळून केलेला उंदीर. उंदीर केसभर हलवायचा, फोटो काढायचा, परत हलवायचा. ते फोटो भराभर दाखवले की उंदीर चालतो. गणपती जागचा हलत नाही, उंदीर एकेक मोदक पळवतो आणि शेवटी देवाच्या डोक्यावर चढून बसतो, एवढीच गोष्ट. गणेशोत्सवात ती मांडवात दाखवायची होती. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या पोरांची चित्रं सुधारण्यात गेलं. एक तरी वस्तू माझ्या हातून पुरी व्हावी, असं फार वाटत होतं.

कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेलं सॉफ्टवेअर मला पुरत होतं. आधीचा फोटो पडद्यावर पुसट दिसला, की उंदीर किती हलवायचा ते कळतं. बास, आणखी काही लागत नाही. अर्धी फिल्म झालीही होती, तेवढ्यात अध्यक्ष उदयसिंहराव डोकावले. फुकटचा माल, त्यामुळे चित्राच्या कोपऱ्यात सतत कंपनीचं नाव उमटायचं. ते त्यांना टोचलं. ज्यांचे पणजोबा संस्थानात कारभारी होते, त्यांच्या मंडळाच्या फिल्मवर परक्याचं नाव? नेमली समिती, आणि तोवर माझं काम बंद.

समिती उदयसिंहरावांच्या सुभानपुऱ्यातल्या बंगल्यावर भरायची, कारण तिथे सेव-उसळ मिळायची. एक सभासद धनाजीराव, रिफायनरीतून रिटायर झालेले. यांनी जन्मात एक फोटो सरळ काढलेला नाही. मुंज असो की लग्न, माणसांची डोकी कापलेलीच. ते सॉफ्टवेअरची पारख करणार! एकात म्हणे आवाज चारी बाजूंनी येतो, दुसऱ्यात स्फोट दाखवता येतात. उंदराच्या गोष्टीत स्फोट कशाला, असं विचारलं, तर म्हणाले, असलेला बरा. दुसरे श्रीपतराव, मंडळाची पूजाअर्चा बघणारे. त्यांना अमेरिकन हवं होतं, कारण जावई तिथे आहे. पण बाई, तुम्हाला काय लागतं, हे एकानेही विचारलं नाही. पुसट फोटोचं मी आपणहून सांगितलं, तर धनाजीराव 'ते होईल हो' म्हणाले आणि त्यांनी आणखी पाव मागितला. अक्कल म्हणून नाही मेल्यांना. शेवटी ज्याचा खोका सगळ्यात मोठा, ते सॉफ्टवेअर ठरलं.

खोका आला, तर उघडण्याआधी पूजा. कॉम्प्युटरला कुंकू, खोक्याला कुंकू. पूजेला गणपती हवा, तर माझा टेबलावर होताच. खरं तर एक सुपारी मांडून भागलं असतं. पण श्रीपतरावांचा हात बसलेला; समोर मूर्ती दिसली की तोंडातून मंत्र आपोआप बाहेर पडतात. मी शाळेतून पोचेपर्यंत त्यांनी दूर्वेने डोळ्यांना तूप लावून माझ्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा करून टाकली होती.

मी उंदीर हातात घेतला, तसे तिघेही दचकले.

"मोहनाताई, आता तो देव झाला," श्रीपतराव म्हणाले. "त्याच्या डोक्यावर उंदीर चढवता? उद्या विसर्जन करावं लागेल."

"अहो, अर्धी फिल्म याच चेहऱ्यावर काढलीय मी."

"मग दुसरा करा की. मातीच तर आहे."

मातीच तर आहे. त्या भुवया रंगवताना माझी दिवाळीची सुटी गेली होती. दुसऱ्या मूर्तीला तोच चेहरा कुठून आणायचा? मध्येच तोंड बदललेला देव शेंबड्या पोरालाही ओळखता येईल. मला रडू आलं, आणि यांच्यासमोर आलं म्हणून स्वतःचाच संताप आला. उदयसिंहराव गुजरातीत 'चालशे, चालशे' करत पेढ्यांचा बॉक्स पुढे करत होते. मी पेढा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली आणि तिघे मूर्ती घेऊन सूरसागर तलावाकडे निघाले. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, लहान मूर्ती घरच्या पाण्यात सोडली तरी चालते, हे दरवर्षी तुम्हीच सांगता. मग विसर्जन इथेच, याच टेबलावर. श्रीपतरावांनी मूर्ती माझ्या हातात दिली.

लोणच्याची काचेची बरणी मी घासूनच आणली होती. पाणी भरलं, गणपती अलगद आत सोडला. बरणीबाहेर, जरा लांब, उंदीर उभा केला, हातात शेवटचा मोदक. आणि माझं जुनं फुकटचं सॉफ्टवेअर उघडलं.

शाडू सावकाश विरघळतो. आधी रंग सुटले, मग सोंड खचली. दर फोटोला मी उंदीर केसभर पुढे सरकवत राहिले. भुवया गेल्या, त्याचाही फोटो काढला. गाळ तळाशी बसला, तेव्हा उंदीर काचेला नाक लावून उभा होता. मग त्याच्या हातातला मोदक मी हळूहळू खाली उतरवला आणि बरणीपुढे ठेवला.

उत्सवात फिल्म दाखवली. उंदराने मोदक परत ठेवला, तेव्हा मागे कोणीतरी डोळे पुसत होतं. मला वाटलं, भरून पावले.

तेवढ्यात उदयसिंहरावांनी माईक घेतला. योग्य सॉफ्टवेअर निवडलं की काय घडतं ते आज बडोद्याने पाहिलं, म्हणाले, समितीसाठी टाळ्या झाल्या पाहिजेत. लोकांनी वाजवल्याही. धनाजीराव उभे राहून चहूकडे नमस्कार करत होते. पूर्ण फिल्मभर कोपऱ्यात त्या कंपनीचं नाव होतं, ते तिघांपैकी एकालाही दिसलं नव्हतं.

मी उठले, ऑफिसातून तो खोका आणला आणि सगळ्यांदेखत उदयसिंहरावांच्या हातात ठेवला. वरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं, त्यावर कुंकू वाळलेलं.

"हा अजून कोणी उघडलेला नाही," मी म्हटलं. "पूजा झालीय याची. विसर्जन तेवढं राहिलंय."