जोडीचं म्यान

दंतवैद्याच्या मागच्या खोलीत भिंतीभर तलवारी होत्या आणि त्यांतल्या एकीला म्यान नव्हतं. घोडदळातली ती तलवार त्यानं तशी उघडीच विकत घेतली होती. तिच्या पलटणीत तलवारीवर आणि म्यानावर एकच आकडा ठोकत. त्या आकड्याचं म्यान शोधत त्यानं कित्येक वर्षं जुने बाजार पालथे घातले. अखेर ते आलं घरच्याच माणसाच्या काखेतून.

दाजी, म्हणजे ताईचे यजमान, आपल्या वडिलांची तलवार घेऊन आले होते. मुलीला देण्याआधी ती खरी आहे ना, एवढं पारखून हवं होतं. दात उपटून याची हौस भागत नाही म्हणून हा तलवारी उपसतो, असं नेहमीसारखं चिडवून ते गुंडाळी टेबलावर ठेवून गेले.

तेलाचं फडकं म्यानाच्या तोंडाशी फिरवताना अंगठ्याला आकडा लागला. त्याच्याच तलवारीचा. दाजींच्या पात्यावर मात्र वेगळा होता. कुठल्याशा कोठारात कधीतरी अदलाबदल झालेली. म्हणजे हे म्यान दाजींचं नव्हतंच, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि कपाटातलं त्याच घडणीचं दुसरं म्यान दाजींच्या तलवारीला चढवलं. अडचण एकच होती. दाजींनी आणलेल्या म्यानाला मधोमध खोल पोचा होता, या दुसऱ्याला नव्हता.

दाजी न्यायला आले तेव्हा त्यानं तलवार अस्सल असल्याचं सांगितलं. ते खरंच होतं. दाजी ऐकत होते, पण त्यांचा हात म्यानावर एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरत होता.

"पोचा काढून दिलाय," तो म्हणाला. "कसं नव्यासारखं झालं."

दाजी खुर्चीत टेकले. घोडा अंगावर कोसळला तेव्हा मध्ये म्यान आलं म्हणून वडिलांचा पाय वाचला होता. त्या खळग्यात बोट घालायला लावून ते मुलांना ही हकिगत सांगायचे. दाजींनी हे सगळं अगदी साध्या आवाजात सांगितलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "तू प्रेमानं केलंस. मीच काढायला लावला, असं तुझ्या ताईला सांगतो. नाहीतर ती तुझी सालटी काढेल."

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर त्यानं मुकाट ऐकून घेतल्या असत्या आणि म्यान पचलं असतं. हे पचेना. दाजी आता त्याच्यासाठी बायकोशी खोटं बोलणार होते. तो उठून मागच्या खोलीत गेला, भिंतीवरची त्या आकड्याची तलवार उपसून ठेवली आणि रिकामं म्यान आणून दाजींच्या मांडीवर ठेवलं. आकड्याचं सगळं सांगितलं. मोह झाला, एवढंच तो स्वतःच्या बाजूनं म्हणाला.

दाजींनी आपली तलवार जुन्या म्यानात सरकवली. मग परत बाहेर काढली आणि चष्मा लावला. पातं उजेडात धरून टोकापर्यंत न्याहाळलं, मुठीवरची तार नखानं चाचपली, म्यानाच्या कड्या हलवून पाहिल्या. या घरातून नेलेली वस्तू त्यांनी आजवर कधी तपासली नव्हती.

"बाकी सगळं माझंच ना?"

तो हो म्हणाला. दाजींनी मान डोलावली आणि मूठ पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतली.