बाठ्यांवर पेटलेला बॉयलर

मी एक जुना बॉयलर आहे. १९९८च्या हंगामात रत्नागिरीजवळच्या आमच्या आमरसाच्या कारखान्यात होतं ते असं: बॉयलर एक, म्हणजे मी, जळाऊ लाकडाच्या राशी सहा, आंबे कापणाऱ्या बाया बत्तीस, आणि मागे कुजणाऱ्या बाठ्यांचा आणि सालींचा एक ढीग, ज्याच्याजवळ मोजायलाही कोणी जात नसे.

मित्रांनो, माझ्या वाफेवर डबे भरत, म्हणून सगळे माझं कौतुक करत. पण त्या मे महिन्यात आमचा मोठा खरेदीदार आला आणि नाकाला रुमाल लावूनच म्हणाला, "हुसेनशेट, रस उत्तम आहे. पण ही घाण आणि ही लाकूडतोड पुढच्या हंगामातही दिसली, तर मी माल दुसरीकडून घेईन."

तो गेला असता तर कारखाना बंद, आणि बत्तीस घरांची पावसाळ्याची बेगमी बुडाली असती.

शेटची मुलगी इरम रसायनशास्त्र शिकून नुकतीच घरी आली होती. "अब्बा, बाठेच जाळू या की!" ती म्हणाली. दुसऱ्याच दिवशी माझ्या पोटात टोपल्या टोपल्या ओले बाठे पडले. मी गुदमरलो. धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरले, वाफेचा काटा खाली आला.

"इरमबाय, बॉयलराला खोकला लागला गो!" कापणीवरची हौसा ओरडली.

बाया खो खो हसल्या. इरमही हसली; पण तिने दहा किलो बाठे तोलून उन्हात टाकले. आठवड्याने ते पाच किलो भरले.

"निम्मं पाणीच जाळत होतो आपण!"

"मग आमच्या कातळावर पसरा," हौसा म्हणाली. "दुपारचा पाय ठेववत नाय तिथं."

बायांनी पावसाआधी बाठे वाळवले. शेटनी नव्या गाडीचा बेत सोडून वाळलेल्या बाठ्यांसाठी शेड बांधली. साली खताच्या खड्ड्यात गेल्या.

पुढच्या एप्रिलात मला पेटवलं. बाठे तडतडले, काटा सरसर चढला आणि मी अशी शिट्टी फुंकली की कापणीवरच्या सुऱ्या थांबल्या! खरेदीदार आला, मागे ढिगाच्या जागेवर एक फेरी मारून आला. रुमाल खिशातच होता. "शेट, दोन हंगामांचा माल माझा," तो म्हणाला.

आता माझ्या पत्र्याला गंज चढतो आहे. मित्रांनो, माझ्या नळ्या वेळेवर साफ करा, आणि काही टाकून देण्याआधी ते एकदा तोलून पाहा.

त्या हंगामाअखेर इरमने मोजलं. आदल्या वर्षी जळलेलं लाकूड सव्वीस टन. या वर्षी चार टन. मागचा ढीग, शून्य.