तिसावा दिवस

करखात्यातली निम्मी माणसं कमी केली, ही बातमी आली त्या सकाळी आमच्या गल्लीत आनंदाला उधाण आलं. शेजारच्या दिवेवाल्याने तर सगळ्यांना स्वतःच्या पैशाने चहा पाजला. हा माणूस गिऱ्हाइकाला बल्ब लावून दाखवतानाही मनात विजेचा हिशेब करतो, म्हणजे बघा!

आणि सगळ्यांत मोठ्याने हसणारा मी होतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

"वहिनी, वाघाचे दात पडले," मी म्हणालो. "करखात्याची ती पाकिटं द्या ठेवून ड्रॉवरमध्ये. विचारायला येणारा माणूसच आता घरी बसलाय."

आमचं कुशनचं दुकान. जुन्या सोफ्यांना, खुर्च्यांना, गाड्यांच्या सीटना नवं कापड चढवायचं. दुकान दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. तीन वर्षांपूर्वी तो गेला. त्याआधीचं अख्खं वर्ष दवाखान्यात गेलं आणि त्या वर्षाचा कर भरायचा राहिला तो राहिलाच. पुढे त्यावर दंड चढला, दंडाच्या खांद्यावर व्याज बसलं, आणि आकडा आमच्या चार महिन्यांच्या कमाईएवढा झाला. दादानंतर दुकान वहिनींनी हातात घेतलं. कापड कापणं त्यांचं, शिवण माझी. कागदपत्रांचं खातं मात्र कुणाचंच नव्हतं.

वहिनींना माझं बोलणं पटलं नव्हतं. पण नको असलेली गोष्ट कुणी ‘नको करू’ म्हटलं की माणूस फार खोदून विचारत नाही. पाकिटं ड्रॉवरमध्ये गेली. एक, दोन, तीन, चार. एकही फोडलं नाही.

त्यातच आम्हाला लॉटरी लागली. गावातल्या नाट्यगृहाच्या दोनशे चाळीस खुर्च्या नव्याने मढवायचं काम आमच्याकडे आलं! आयुष्यात एवढं मोठं काम बघितलं नव्हतं. गुरुवारी बँकेत आगाऊ रक्कम जमा होणार, त्याच दिवशी मखमल आणि फोम उचलायचा, असं सगळं ठरलं. बुधवारी सकाळी वहिनी गाणं गुणगुणत खडूने आखणी करत होत्या. तीन वर्षांत मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात दारात एक खुर्ची आली. म्हणजे आधी खुर्ची दिसली, मग तिच्यामागे घामाघूम झालेले एक गृहस्थ. पन्नाशी उलटलेली, शर्टाच्या खिशाला दोन पेनं.

"एवढी नीट करून द्याल?" त्यांनी विचारलं. "बावीस वर्षं हिच्यावर बसलो. ऑफिसने जुनं फर्निचर विकायला काढलं, म्हणून घेऊन टाकली. नोकरी तर गेली, म्हटलं खुर्ची तरी राहू दे."

"कुठलं ऑफिस?" मी विचारलं.

"करखातं. वसुलीच्या टेबलावर कारकून होतो."

मी हसलो. हसू नये हे कळत होतं, तरी हसलो. "काय कारकूनकाका, आता तुम्हीच नाही म्हटल्यावर आमच्यासारख्यांची चैन आहे की!"

ते हसले नाहीत. खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "लोकांना वाटतं आम्ही पैसे मागणारी माणसं. अहो, मागायचं काम यंत्र करतं. नोटीस यंत्र काढतं, व्याज यंत्र मोजतं, बँकेला हुकूमही यंत्रच पाठवतं. माझं काम होतं थांबवायचं. कुणी फोन केला, अडचण सांगितली, की मी त्या नावापुढे ‘थांबा’ अशी खूण करायचो. आता खूण करणारी माणसं गेली. यंत्राची नोकरी शाबूत आहे."

वहिनींच्या हातातला खडू थांबला. त्या उठल्या, ड्रॉवर उघडला आणि चारही पाकिटं काकांच्या मांडीवर ठेवली.

काकांनी सगळ्यांत शेवटचं पाकीट आधी फोडलं. वाचता वाचता बोटांवर काहीतरी मोजलं. पुन्हा मोजलं.

"ताई, या पत्राच्या तारखेपासून तीस दिवसांत हप्ते बांधून घ्या, नाहीतर बँक खातं गोठवू, असं लिहिलंय."

"मग किती दिवस राहिले?"

"आज तिसावा."

उद्या गुरुवार! नाट्यगृहाची रक्कम खात्यात पडणार आणि पडल्या पडल्या गोठणार. मखमल नाही, फोम नाही, काम नाही.

"इंटरनेटवरून करता येईल ना?" मी घाईघाईने म्हणालो.

"येईल." काकांनी दुसरं पाकीट फोडलं. "त्यासाठी लागणारा नंबर यात आहे. त्याची मुदत गेल्या महिन्यात संपली."

"फोन?"

काकांनी स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला आणि स्पीकर चालू केला. एका गोड आवाजाने सांगितलं की, आपण रांगेत एकशे सत्तेचाळिसावे आहात. मग बासरी सुरू झाली.

"ऑफिसात पूर्वी नऊ खिडक्या होत्या," काका म्हणाले. "आता एक आहे. तीनला बंद होते. आत्ता पावणेबारा. उठा!"

आणि नोकरी गेलेला तो माणूस असा काही उठला, की जणू त्यालाच कामावर बोलावलंय. पटापट हुकूम सुटले. तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, दुकानाचं भाडं, घरखर्च. "दवाखान्याची कागदपत्रं आहेत? आजारपणामुळे राहिलं असेल आणि पहिलीच चूक असेल, तर दंड माफ करायचा अर्ज असतो. आपणहून कुणी सांगत नाही, मागावा लागतो. आणि पुढे कमाई येणार आहे, याला काही पुरावा?"

"नाट्यगृहाचा करार आहे," वहिनी म्हणाल्या, "पण त्यांच्या व्यवस्थापकांची सही अजून झालेली नाही."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "वाघाचे दात तुम्ही पाडले होतेत ना? आता पळा."

मी पळालो! स्कूटर काढली आणि नाट्यगृह गाठलं. व्यवस्थापक जागेवर नाहीत. ‘आत्ताच बाहेर गेले,’ दारावरचा म्हणाला. बाहेर म्हणजे कुठे? तर रंगाच्या दुकानात. तिथे गेलो, तर ‘आत्ताच परत आत, नाट्यगृहात गेले.’ शेवटी ते सापडले रंगमंचाच्या वर, लोखंडी शिडीच्या टोकाला, दिवे तपासताना. उंचीवर माझे पाय लटपटतात, पण त्या दिवशी पायांना विचारायला वेळ कुणाला होता? मी शिडी चढलो.

"इथे? आत्ता?" ते म्हणाले.

"इथेच, आत्ताच. नाहीतर तुमचे प्रेक्षक उभ्याने नाटक बघतील."

त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. मी उतरलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

इकडे काय झालं, ते मला नंतर वहिनींनी सांगितलं. ऑफिसात शिरल्या तर रांग जिन्यापर्यंत. हातात एक्केचाळीस नंबरचं, म्हणजे त्या दिवसाचं शेवटचं टोकन, आणि खिडकीवर चालू होता अकरावा. एकेका माणसाला दहा-दहा मिनिटं. कुणाची झेरॉक्स नाही, कुणी अर्धाच फॉर्म भरलेला, कुणी नुसताच भांडायला आलेला. साधं गणित केलं तरी वहिनींचा नंबर संध्याकाळी लागला असता.

मग रांगेतल्या एका म्हाताऱ्या शिंपिणीने कारकूनकाकांना ओळखलं. "अहो, मागच्या वर्षी तुम्हीच माझं काम केलं होतंत. हा फॉर्म बघा हो जरा."

काकांनी बघितला. "आजी, हा चुकीचा. तो निळ्या पट्टीचा घ्या. सही इथे." पुढच्याने आपला कागद पुढे केला. मग त्याच्या पुढच्याने. बघता बघता काका रांगेच्या कडेने चालायला लागले, खिशातल्या दोन पेनांपैकी एक लोकांच्या हातात, एक स्वतःच्या. "तुमचं इथे कामच नाही, नगरपालिकेत जा. तुम्हाला झेरॉक्स लागेल, समोर दुकान आहे, पळा, नंबर हे धरतील. तुम्ही ‘देणं मान्य नाही’वर खूण केलीय, पण तुम्हाला ‘हप्ते हवेत’ म्हणायचंय ना?" वहिनीही गप्प उभ्या राहिल्या नाहीत. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचे फॉर्म त्या जिन्याच्या कठड्यावर भरून द्यायला लागल्या.

दहा मिनिटांचं काम दोन मिनिटांवर आलं. रांग सरकायला लागली, मग चालायला लागली! लोकांमध्ये असा उत्साह संचारला, की खिडकीशी गेलेला माणूस हातात कागद फडकावत परत यायचा आणि मागचे टाळ्या वाजवायचे. खिडकीवाल्या बाईंनी काचेतून मान बाहेर काढून विचारलं, "आज सगळे एवढे तयार होऊन कसे येताहेत?" मग त्यांना काका दिसले. आणि त्या दुप्पट वेगाने शिक्के मारायला लागल्या.

मी धापा टाकत पोचलो तेव्हा तीनला आठ मिनिटं कमी होती आणि पहारेकरी दार लोटत होता.

"टोकन नाही तर आत नाही."

"अहो, माझ्या वहिनी आत आहेत, त्यांचा कागद—"

"भावोजी!" आतून आवाज आला. एवढा मोठा आवाज वहिनींचा असू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. पहारेकऱ्यालाही नसावं, कारण त्याचा हात आपोआप बाजूला झाला.

चाळिसावा नंबर आटोपला. एक्केचाळीस.

बाईंनी कागद चाळले. स्टेटमेंट, भाडं, करार. करारावर त्यांची नजर थांबली. "सहीची शाई ओली आहे."

"शिडीवर केलीय," मी म्हणालो. मला गप्प राहता येत नाही.

"दरमहा किती जमेल?" त्यांनी वहिनींना विचारलं.

मी वहिनींच्या कानात एक फुगवलेला आकडा पुटपुटलो. म्हटलं, मोठा आकडा ऐकून बाई खूश होतील. पण काका मागून हळूच म्हणाले, "ताई, जमेल तेवढंच सांगा. एक हप्ता चुकला की सगळं मोडतं."

वहिनींनी माझ्या आकड्याच्या निम्मा सांगितला. आवाज जरासुद्धा कापला नाही. "एवढा नक्की देईन. दर महिन्याला, न चुकता. आणि दंड माफीचा अर्जही हवाय. हे दवाखान्याचे कागद."

बाईंनी अर्ज दिला, आकडे घातले, बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरायला लागलं. दोन वाजून अठ्ठावन्न. चक्र फिरतंय. एकोणसाठ. सगळी रांग, काम झालं तरी घरी न गेलेली, श्वास रोखून उभी. मी तर त्या चक्राबरोबर मान फिरवत होतो.

खर्रर्र करून कागद बाहेर आला.

"हा तुमचा क्रमांक," बाई म्हणाल्या. "उद्याचा बँकेचा हुकूम रद्द झालाय. व्याज थोडं चालू राहील, पण खात्याला कुणी हात लावणार नाही. हप्ते भरत राहा."

जिन्यात जो गलका झाला तो विचारू नका. शिंपिणआजींनी वहिनींना मिठी मारली. मी पहारेकऱ्याला मिठी मारली. काका मात्र खिडकीपाशीच उभे होते. बाई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही गेल्यापासून आज पहिल्यांदा पूर्ण रांग संपली." त्यांनी मान हलवली आणि पेन खिशाला लावलं.

गुरुवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी आगाऊ रक्कम खात्यात आली. मी बँकेचा मेसेज तीनदा वाचला, मग वहिनींनी मोबाइल काढून घेतला. दुपारपर्यंत दुकानात मखमलीचे गठ्ठे येऊन पडले.

दिवेवाल्याचं नशीब असं नव्हतं. त्याचीही पाकिटं न फोडलेलीच होती. त्याचं खातं पंधरवड्याने गोठलं. कळलं कसं, तर दुकानाच्या भाड्याचा चेक परत आला तेव्हा. खातं सुटायला तीन आठवडे गेले, वर बँकेने आपला दंड वेगळा लावला. काकांनीच सोडवून दिलं, पण त्याला हप्ते आमच्याएवढे सोयीचे मिळाले नाहीत. काका आता शनिवारी आमच्या दुकानात एक टेबल टाकून बसतात. गल्लीतले लोक न फोडलेली पाकिटं घेऊन येतात, आधी लाजतात, मग सगळं ओततात. काका फी घेतात, पण माफक. वहिनींकडून घेत नाहीत. त्यावरून दोघांचा दर शनिवारी वाद होतो, आणि दर शनिवारी वहिनी त्यांच्या पिशवीत गुपचूप काहीतरी टाकतात.

दंड अर्धा माफ झाला. अर्धाच का, हे पत्रात लिहिलेलं नव्हतं आणि विचारायला फोन लावला तर मी दोनशे तिसरा होतो. मी बासरी ऐकत शिवण मारली.

परवा आमचा पाचवा हप्ता गेला. अजून नऊ आहेत. वहिनी पावती घेऊन आल्या, पाणी प्यायल्या, कात्री उचलली आणि म्हणाल्या, "भावोजी, पुढच्या वर्षीचा कर मुदतीच्या आधी भरायचा. आत्तापासून बाजूला काढायला लागू."

मी काही विनोद करणार होतो. मग म्हटलं, नको. "हो वहिनी," म्हणालो, आणि मशीनमध्ये दोरा ओवला.